दोन कानोसे

९ जानेवारी

प्रिय टिल्ल्या,

एवढ्या ताडमाड माणसाला टिल्ल्या म्हणताना मला हल्ली हसू येतं, पण आता जिभेचं वळण मोडणार नाही.

अण्णा पडले. घाबरू नकोस, आधी सगळं वाच. प्लंबर आपली बादली बाथरूमच्या दारात ठेवून गेला आणि अण्णा त्यात अडखळले. खुब्याचं हाड मोडलंय. परवा ऑपरेशन. दृष्टी गेल्यापासून ते घरात कधी धडपडले नव्हते, त्यामुळे त्यांना दुखण्यापेक्षा रागच जास्त आलाय. डॉक्टर कानाशी येऊन ओरडून बोलायला लागले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, हाड मोडलंय, कान शाबूत आहेत."

मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. इथे बसलं की नको ते जुनं आठवत राहतं. अण्णांचे डोळे गेले तेव्हाचा तो हिवाळा आठवतो तुला? आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस, अक्षर दिसेना म्हणून भिंतीकडे तोंड करून बसायचा. मावशीने तुला तेव्हा आमच्याकडे कॉलेजला ठेवलं होतं. स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा तो वेडावाकडा प्रोग्रॅम मी जेवणाच्या टेबलावर लिहायला घेतला आणि तू शेजारी बसून चुका काढायला लागलास. पहिल्यांदा त्याने वर्तमानपत्राचा मथळा वाचला, तेव्हा अण्णांनी ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली होती. ऐकून! आज तो आपला कानोसा कुठल्या कुठल्या गावांतली किती माणसं वापरतात, आणि कुणालाही फुकट मिळतो, कुणीही उघडून बघावा, बदलावा.

तर काम असं. पुढचे काही आठवडे मी कानोशाकडे बघू शकणार नाही. सगळ्या किल्ल्या तुझ्याकडे देते: वेबसाइट, नाव, आणि नवी आवृत्ती सगळ्यांच्या मशीनवर पाठवायचा अधिकार. पासवर्ड फोनवर सांगते. घर राख. नवं काही बांधू नकोस, गळतंय तिथे बूच मार, एवढंच.

आणि हो, आपल्या कानोसा लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर तो 'झुळूक' नावाचा प्रकार पाहिलास का? कुणी 'पाहुणा' म्हणून आहे. त्याने कानोसा पहिल्या ओळीपासून नव्याने लिहून लोकांसमोर ठेवलाय. मागच्या वर्षी आपण सगळ्यांनी रीतसर ठरवलं होतं की नवं लिहायचं नाही, आहे तेच दुरुस्त करत राहायचं. तेव्हा नव्याच्या बाजूने हटून बसलेले आपले प्राध्यापकसाहेब आता पुन्हा उड्या मारायला लागलेत, "बघा, जमतं की नाही!" हा पाहुणा आहे हुशार. कानोशाची खडान्‌खडा माहिती आहे त्याला. तुला काही कल्पना?

ताई

१४ जानेवारी

प्रिय ताई,

फोनवर तुझा आवाज ऐकला आणि जिवात जीव आला. ऑपरेशन नीट झालं हे आईला लगेच सांगितलं, तिने तिकडे देवापुढे काय काय कबूल केलंय ते मला सांगत नाही.

किल्ल्या मिळाल्या. निश्चिंत राहा. तू फक्त अण्णांकडे बघ, आणि मधूनमधून जेवत जा.

झुळूक मीही पाहिली. कुणी का लिहिली असेना, वाईट नाहीये ग. रागावू नकोस, पण एक सांगतो. कानोशात बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत एक क्षण जातो ना, आपल्याला तो जाणवत नाही, कारण आपले डोळे तोवर पुढे गेलेले असतात. मी परवा ऑफिसात स्क्रीन बंद करून निव्वळ कानांवर काम करून पाहिलं. दुपारपर्यंत डोकं फुटायची वेळ आली. समजा तू बोलतेस आणि समोरचा माणूस प्रत्येक वेळी थबकून, विचार करून उत्तर देतोय. दिवसभर. वर्षानुवर्षं. झुळुकेत ते थबकणं नाही.

आणि कानोसा आतून कसा झालाय हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. एक दोरा ओढावा तर तिसरीकडेच उसवतं. मागच्या महिन्यात तारखांचं वाचन सुधारलं तर टेलिफोन नंबर बिघडले. किती दिवस ठिगळं लावणार?

हे भांडण म्हणून लिहीत नाहीये. तू थकलेली आहेस. अण्णांना माझा नमस्कार सांग. त्यांना लॅपटॉप हवा असेल तर दे, तेवढाच वेळ जाईल.

टिल्ल्या

२ फेब्रुवारी

प्रिय टिल्ल्या,

अण्णा आता वॉकर धरून वॉर्डाच्या दारापर्यंत जातात. फिजिओथेरपीवाली मुलगी त्यांना दम देते आणि ते ऐकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवायचा.

लॅपटॉप दिला. सारखे कानाला हेडफोन लावून बसलेले असतात. मी खोलीत शिरले की लगबगीने दोन-चार बटणं दाबतात, हेडफोन काढतात आणि म्हणतात, "ये. तुझा कानोसा वाचत होता." एकदा एकटेच हसत होते. टिल्ल्या, त्या बाकावरचे सगळे दिवस फिटले बघ माझे. आपण हे कशासाठी करतो, ग्रुपवर एवढी डोकेफोड का करतो, ते एका मिनिटात कळतं.

ठिगळांबद्दल म्हणालास. तुझं खरं आहे, आतून तो गोधडीसारखाच झालाय. पण प्रत्येक ठिगळामागे एक माणूस आहे रे. 'वि.' म्हणजे कुठे 'विरुद्ध' वाचायचं आणि कुठे नुसतं 'वि' ठेवायचं, ते त्या आंधळ्या वकिलांमुळे आलं. औषधाच्या नावातले आकडे सुटे वाचायचे, ते एक आजीबाई चुकीची गोळी घेता घेता वाचल्या तेव्हा आलं. फोन नंबर दोन-दोन आकड्यांनी वाचायचे, ते ऑपरेटरबाईंनी माझ्याशी भांडून करून घेतलं. नव्याने लिहिणाऱ्याला यातलं काय माहीत असणार? त्याला वाटणार, ही काय अडगळ. तो सगळी फेकून देणार आणि त्या माणसांना पुन्हा पहिल्यापासून ठेचा खाव्या लागणार.

आता मूळ मुद्दा. काल अण्णांची झोप लागली तेव्हा मी झुळूक माझ्या मशीनवर चालवून पाहिली. मुद्दाम चुकीचं काहीतरी उघडलं. तर ती म्हणाली, "थांबा, धाप लागली."

मी मोठ्याने हसले. नर्स वळून बघायला लागली. मग हसू जागच्या जागी गोठलं.

आमच्याकडे जिना चढून आल्यावर दारात बसकण मारून हेच वाक्य म्हणणारा जगात एकच माणूस आहे.

पाहुणा तू आहेस का? हो किंवा नाही एवढंच लिही.

ताई

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हो.

एवढंच लिही म्हणालीस, पण तेवढ्यावर थांबलो तर तू काहीतरी भलतंच समजशील. मागच्या वर्षी ग्रुपवर दुरुस्तीचं ठरलं तेव्हा मीही तुझ्याच बाजूने हात वर केला होता, कारण तुझ्याविरुद्ध हात वर करणं मला कधी जमलंच नाही. मग गंमत म्हणून, जमतं का बघू म्हणून एका सुट्टीत थोडं लिहिलं. ते चांगलं निघालं. मग थांबवेना. स्वतःच्या नावाने ठेवलं असतं तर लोकांनी कोड पाहिलाच नसता, "ताई आणि टिल्ल्यात बिनसलं" एवढंच पाहिलं असतं. म्हणून पाहुणा.

तुला सांगणार होतो. दर वेळी फोन उचलला की तू आधीच दुसऱ्या कशाने तरी गांजलेली असायचीस.

माझ्यावर विश्वास ठेव. कानोशाच्या नावाला, वेबसाइटला मी हात लावणार नाही. झुळूक वेगळी आहे, वेगळी राहील. तू परत आलीस की समोरासमोर बसू आणि तू म्हणशील ते.

टिल्ल्या

१ मार्च

टिल्ल्या,

आम्ही गेल्या आठवड्यात घरी आलो. अण्णांना पलंगावर बसवलं, उशा लावल्या, औषधं मांडली, मग बऱ्याच दिवसांनी माझं मशीन उघडलं. कानोसा म्हणाला, नवी आवृत्ती आली आहे. मी म्हटलं, टिल्ल्याने बूच मारलं असेल. घेतली.

कानोसा नव्हताच तो. नाव कानोसा, वेबसाइट कानोशाची, आत झुळूक. माझं नाव 'पूर्वीचे सहभागी' या मथळ्याखाली, प्राध्यापकांच्या खाली.

ग्रुपवर मागे जाऊन सगळं वाचलं. मतदान घेतलंस. मी दवाखान्यातून घरी यायच्या कागदपत्रांवर सह्या करत होते तेव्हा. प्राध्यापकांनी भाषण केलं, तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्याच दिवशी तू ते सगळ्यांच्या मशीनवर पाठवून दिलंस. मी दिलेल्या किल्लीने. घर राख म्हणून सांगितलं होतं तुला. राखायला दिलेल्या घराचा दरवाजा तू आतून उघडलास, आमचं सामान अंगणात काढलंस, आणि पाटी तेवढी तीच ठेवलीस.

आता ऑपरेटरबाईंचं ऐक. तुला त्या माहीत आहेत, आपल्या घराबाहेर कानोसा वापरणारं पहिलं माणूस. कारखान्याचा सगळा टेलिफोन त्यांच्या हातात, कुठल्या खात्यात कोण, कुणाचा नंबर काय, हे कानोसा त्यांना कानात सांगतो आणि त्या जोडून देतात. सोमवारी सकाळी पाळी सुरू झाली, मशीनने आपोआप तुझी आवृत्ती घेतली आणि मुकं झालं. तुझी झुळूक जुन्या मशीनवर चालतच नाही! त्या कानाला हेडफोन लावून बसल्या, पलीकडून माणसं ओरडतायत, आणि त्यांच्या कानात शब्द नाही. बाईंनी आठवणीवर जमतील तेवढे फोन जोडले. मग एक मोठ्या साहेबांचा फोन चुकून गोदामात गेला. साहेब स्वतः खाली आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणून मी म्हणत होतो, ही कामं अशा माणसांना देऊ नयेत."

आता बाई तळमजल्यावर पाकिटं चिकटवतात.

मी फोन केला तर मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही मला का नाही सांगितलंत?" मी काय सांगणार होते? मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

५ फेब्रुवारीचं तुझं पत्र पुन्हा वाचलं. हात लावणार नाही, म्हणाला होतास.

ताई

४ मार्च

ताई,

ऑपरेटरबाईंचं वाचलं. ती चूक माझी. जुनी मशीनं मी तपासायला हवी होती, नाही तपासली. पत्र वाचल्यापासून त्याच्यामागे लागलोय. बाईंना फोन केला, त्यांनी माझं नाव ऐकून ठेवून दिला.

पण बाकीचं तू एकतर्फी लिहिलंयस. मत मागितलं तेव्हा तुला मेल केली होती, पुन्हा आठवणही केली. उत्तर नाही. आवाज पुरवणारं जे इंजिन कानोसा वापरतो, ते बनवणाऱ्यांनी जुनी पद्धत बंद करणार म्हणून जाहीर केलं. आज ना उद्या तो सगळ्यांकडेच मुका झाला असता. ग्रुपने ठरवलं, मी एकट्याने नाही. हा प्रोग्रॅम सगळ्यांचा आहे, असं तूच मला शिकवलंस ना? मग सगळ्यांनी तुझ्या मनाविरुद्ध ठरवलं की तो एकदम तुझ्या घराचा कसा होतो? दरवाजा, सामान, पाटी! कोड आहे ग तो.

आणि तुझ्या घराचंच म्हणशील, तर एकदा अण्णांना विचार. ते ऑक्टोबरपासून झुळूक वापरतायत. मी कशाला लिहायला घेतलं असेल ते? गंमत म्हणून नाही, त्यांनी सांगितलं म्हणून. फोनवर मला म्हणाले, "टिल्ल्या, ह्याच्या रेंगाळण्याने जीव शिणतो रे, पण पोरीला कसं सांगू?" झुळुकेतली प्रत्येक चूक पहिल्यांदा त्यांनी काढलीय. दवाखान्यात हेडफोन लावून ते काय ऐकत होते असं वाटतं तुला?

हे मी सांगायला नको होतं. पण किती ऐकून घ्यायचं माणसाने.

टिल्ल्या

२० मार्च

टिल्ल्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी अण्णांना काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा दिला, व्यायाम करून घेतला, वर्तमानपत्र ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते हेडफोन लावून बसले होते, मी चपला न घालता आत गेले आणि त्यांच्या मागे उभी राहिले. स्क्रीनवर झुळूक. त्यांचा चेहरा, कसं सांगू, छापखान्यात असतानाचा होता. भराभर, एकामागून एक पानं उलटत होते. मी कधी पाहिलं नव्हतं त्यांना कानोसा असा वापरताना.

मी म्हटलं, "अण्णा."

त्यांचे हात बटणांवर धावले. सवयीने. मी म्हटलं, "राहू दे. बंद नका करू."

हात तिथेच थांबले. मग म्हणाले, "टिल्ल्याने सांगितलं?"

"हो."

"गाढव आहे."

"तो गाढव, मग तुम्ही कोण? रोज मला म्हणायचात, तुझा कानोसा वाचत होता. रोज! काय गरज होती?"

"तू दारात यायचीस तेव्हा तुझ्या पावलांतच असायचं ग ते. आज कसं चाललंय, ऐकायला उत्सुक. मला तुझा चेहरा दिसत नाही, पण पावलं ऐकू येतात ना. नाही म्हणवलं नाही."

"आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्यात. कुणाकुणाची पुस्तकं अडवून धरलीत. माझीच तेवढी चूक सांगता आली नाही?"

"ते लोक माझ्यासाठी लिहीत नव्हते," अण्णा म्हणाले. "तू माझ्यासाठी लिहिलं होतंस."

मग मी बाहेर आले. भांडी घासलेली होती ती पुन्हा घासली.

तुला वाटत असेल, हे कळल्यावर ताई निवळेल. उलट आहे. अण्णांचं मी एक वेळ समजू शकते, त्यांना मला दुखवायचं नव्हतं. पण तू? तुला ऑक्टोबरपासून माहीत होतं की माझ्याच घरात, मी ज्या माणसासाठी हे सगळं मांडलं त्यालाच ते नको झालंय. एक वाक्य बोलला असतास, "ताई, अण्णांना त्रास होतो," तर मी स्वतः कानोसा मोडून टाकला असता. तुझ्यासोबत बसून नवा लिहिला असता. तू मला ते करू दिलं नाहीस. तुम्ही दोघं मी चिडणारच असं धरून चाललात, आणि मग सगळं माझ्या पाठीमागे करत राहिलात. मला बातमी दिलीस ती कधी, तर भांडणात तोंड बंद करायला हाताशी काहीतरी हवं होतं तेव्हा.

ऑपरेटरबाईंकडे जाऊन आले. जुना कोड मी 'मूळ कानोसा' म्हणून वेगळा ठेवलाय, कायद्याने तो कुणालाही ठेवता येतो आणि आता मीही 'कुणीही'च आहे. तो हाताने त्यांच्या मशीनवर घालायला गेले. साहेबांनी अर्धा तास बाहेर बसवलं. आत गेले तर बाईंच्या जागी एक नवीन माणूस, डोळस, समोर कागदावर नंबर लिहून घेतलेले, तरी एकेका फोनला घोळ घालत होता. साहेबांना म्हटलं, मशीनमधला बिघाड आमचा होता, बाईंचा नव्हता, हवं तर लिहून देते. लिहून दिलं. ते म्हणाले, बघू.

तळमजल्यावर बाईंना भेटले. पाकिटं चिकटवून बोटं खरखरीत झालेली. मी तुझ्याबद्दल बोलायला लागले, काय झालं, कसं झालं. त्यांनी अर्ध्यावर थांबवलं. "ताई, मला ते सांगूच नका. कोड त्याचा का तुमचा, मला काय करायचंय? तुम्ही दोघं भांडलात आणि बोलती माझी बंद झाली. परत असं होणार नाही, हे मला कोण सांगणार? तुम्ही? का तो?"



ताई

२७ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन आठवडाभर फिरतोय. उत्तर लिहायला बसलो की पहिल्या ओळीलाच स्वतःची बाजू मांडायला लागतो आणि खोडतो. आता सरळ लिहितो.

मतदान मी तेव्हाच घेतलं, कारण तू समोर असतीस तर ते माझ्या बाजूने झालं नसतं. तू दोन वाक्यं बोलली असतीस, वकिलांचं, आजीबाईंचं, आणि सगळे विरघळले असते. मीसुद्धा. इंजिन बंद होणार होतं हे खरं आहे, पण त्याला वेळ होता. मेल केल्या हेही खरं, पण त्या तुझ्या कामाच्या पत्त्यावर केल्या, जो तू दवाखान्यात उघडत नव्हतीस. हे मला माहीत होतं.

अण्णांबद्दल ज्या रागात लिहिलं तो राग पत्र पाठवल्यावर लगेच उतरला. पण ते गेलेलं होतं.

झुळूक आता जुन्या मशीनवर चालते. तुझी सगळी ठिगळं एकेक करून तिच्यात घेतोय. 'वि.'चं घेतलं, औषधांचं घेतलं. प्रत्येकाशेजारी कुणामुळे आलं ते लिहितोय. आधी त्यांतली कितीतरी मी वाचलीही नव्हती. प्राध्यापक म्हणतात, कशाला हा पसारा? मी त्यांना पहिल्यांदाच उलट बोललो.

किल्ल्या परत घे. नाव, वेबसाइट, सगळं. तू म्हणशील तर जुना कोड पुन्हा त्या नावाखाली लावतो. मी बाजूला होतो.

आई विचारत होती, ताईचा फोन का येत नाही. तिला काय सांगू?

टिल्ल्या

१५ एप्रिल

टिल्ल्या,

किल्ल्या मला नकोत. ऑपरेटरबाईंना दे. मी त्यांच्याशी बोलले आहे. आधी नाहीच म्हणाल्या, "मला कोड कुठे कळतो!" मी म्हटलं, कळत नाही म्हणूनच. यापुढे तुझं असो, माझं असो, की प्राध्यापकांचं, कुठलीही आवृत्ती आधी त्यांच्या घरच्या मशीनवर जाईल. त्या वापरून बघतील, हो म्हणतील, मग बाकीच्यांकडे. नाही म्हणाल्या तर कारण विचारायचं नाही, दुरुस्त करायचं. यावर त्या तयार झाल्या, आणि लगेच म्हणाल्या, "पहिल्यांदा त्या पोराला सांगा, आवाज जरा खाली घे, कान किटतात." तेव्हा सुरुवात तिथून कर.

त्या अजून तळमजल्यावरच आहेत. नव्या माणसाला वर नीट जमत नाही, म्हणून अडलं की त्याला बाईंनाच विचारायला खाली यावं लागतं. तरी जागा परत देत नाहीत. त्यांनी वरच्या कार्यालयात अर्ज केलाय, मीही सोबत जाणार आहे. काय होईल सांगता येत नाही. झालं नाही, तर ते तुझ्या आणि माझ्या दोघांच्या नावावर राहील. माझंही नाव घेते, कारण किल्ल्या कुणाला द्यायच्या हे मी ठरवलं होतं.

झुळुकेचं नाव कानोसाच राहू दे. लोकांना आता पुन्हा गोंधळात टाकायला नको. माझा जुना कोड मी बाजूला चालू ठेवीन, ज्यांची मशीनं फारच म्हातारी आहेत त्यांच्यासाठी. एक दिवस त्याची कुणालाच गरज राहणार नाही. त्या दिवशी बंद करीन.

अण्णा हेडफोन वापरेनासे झालेत. झुळूक मोठ्याने लावतात, घरभर ऐकू येते. माझ्यापासून काही लपवत नाही हे दाखवायला, मला कळतं ते. चांगली आहे रे. खरंच चांगली लिहिलीयस. स्वयंपाकघरात काम करताना ऐकत असते आणि कुठेतरी अभिमान वाटायला लागतो, तुझं लहानपणीचं अक्षर आठवतं, आणि पाठोपाठ सगळंच आठवतं. मग मी नळ मोठा सोडते.

काल तिने एक तारीख चुकीची वाचली. दुरुस्ती करून पाठवली आहे. इतर कुणाची तपासशील तशीच तपासून घे, ताईची म्हणून नको.

मावशीला मी फोन केला. तिला काही सांगितलं नाही, कामात होते म्हटलं. तिच्याशी खोटं बोलले, आणि बोलताना किती सोपं जातं ते कळलं.

तू विचारलं नाहीस, पण तुला विचारायचं असणार. तुझ्यावर रागावलेली आहे का? राग बराच ओसरला. पण पूर्वी तू काही म्हणालास की मी ते ऐकून पुढच्या कामाला लागायचे. आता तुझं पत्र दोनदा वाचते, आणि दुसऱ्यांदा वाचताना बघते की काय लिहिलेलं नाही. हे कधी जाईल मला माहीत नाही. जाईल असं तुला वचन देत नाही.

अण्णा तुझी आठवण काढतात. त्यांना भेटायला ये, उगाच माझ्यामुळे थांबू नकोस. आता घरात वॉकरशिवाय फिरतात, दार तेच उघडतील. मी सकाळी नऊला बाहेर पडते आणि दुपारी जेवायला येते. तेवढ्या वेळात येऊन जा.

ताई